हार्डविक हॉल: दगडाच्या घरात एवढी काच बसली कशी?

इंग्लंडात एम-वन मोटरवेवरून नॉटिंगहॅमकडून शेफिल्डच्या दिशेने निघालात की डर्बीशायरमध्ये, जंक्शन २९ यायच्या थोडं आधी, उजव्या हाताला टेकाडाच्या कडेवर एक घर दिसतं. संध्याकाळची वेळ असेल आणि ऊन पडलेलं असेल तर घर नंतर दिसतं, आधी नुसती चमक दिसते, टेकाडावर कोणी आरसे मांडून ठेवलेत की काय असं वाटावं अशी, आणि जवळ गेल्यावर कळतं की आरसे नाहीत, खिडक्या आहेत, आणि घर चक्क दगडाचं आहे. हे हार्डविक हॉल. १५९० ला काम सुरू झालं, १५९७ ला मालकीण राहायला आली, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या तेहतीस वर्षं आधी.

दगडी घर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? जाड भिंत, लहान खिडकी, आत अंधार आणि गारवा. दगडात बांधायचं तर भिंत भरपूर आणि भोकं कमी, हा हिशोब आपल्याकडच्या साध्या गवंड्यालाही तोंडपाठ असतो. हार्डविकने हा हिशोब उलटा मांडलाय. तिथे या घराबद्दल एक जुनी म्हण आहे, इंग्रजीत त्याचं छान यमक जुळतं, मराठीत नुसता अर्थ सांगायचा तर 'हार्डविक हॉल, भिंत कमी नि काच जास्त'. मला हे घर बघताना एकच प्रश्न पडला होता आणि अजूनही कोणाला हे घर दाखवायचं झालं तर मी तिथूनच सुरुवात करतो: वरचे मजले, छप्पर, सहा मनोरे, एवढं सगळं वजन आहे, आणि बाहेरून बघितलं तर भिंत जवळजवळ नाहीच, मग हे वजन जातं कुठे?

आधी दगडाचा स्वभाव समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. दगडावर वजन ठेवा, अजून ठेवा, तो तक्रार करत नाही, दाबाला दगड वाघ आहे. पण तोच दगड दोन टेकूंवर आडवा ठेवून मधे वजन दिलं की त्याची खालची बाजू ताणली जाते, आणि ताण दगडाला अजिबात सोसत नाही, लाकूड जरा वाकून सांभाळून घेईल, दगड सरळ तडकतो. म्हणून दगडी भिंतीत खिडकी काढायची म्हणजे खरी अडचण खिडकीची नसते, खिडकीच्या डोक्यावरचा आडवा दगड किती लांब ठेवता येईल याची असते. लांब ठेवला तर मोडणार. मग एकतर कमान करा, म्हणजे वजन वळून दोन्ही बाजूंना जातं, नाहीतर आडवा दगड आखूड ठेवा.

हार्डविकच्या खिडक्या नीट बघितल्या की हा दुसरा मार्ग दिसतो. लांबून जी एक अवाढव्य खिडकी वाटते ती एक खिडकी नाहीच, ती दगडाची जाळी आहे. उभे दगडी दांडे, त्यांना तिथे मुलियन म्हणतात, आणि त्यांना छेदणाऱ्या आडव्या दगडी पट्ट्या, त्या ट्रान्सम. आपल्या वाड्यात जसं दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि माडी किती खणी ते मोजतात, तशी ही खिडकीही खणांची, आणि प्रत्येक खण इतका अरुंद की माणूस खांदे चोरून उभा राहील. खण अरुंद म्हणजे डोक्यावरचा दगड आखूड, दगड आखूड म्हणजे मोडायची भीती नाही. बघणाऱ्याला वाटतं हे दांडे नक्षीसाठी आहेत, नाही, ते कामाला लावलेले आहेत. ते काढून टाकले तर खिडकीचा माथा खाली येईल.

पण हे झालं खिडकीपुरतं. अख्ख्या घराचं काय? त्याचं उत्तर बाहेर उभं राहून मिळत नाही, आत जावं लागतं.

त्या काळातल्या इंग्लिश घरांमध्ये शेकोट्या बऱ्याचदा बाहेरच्या भिंतीत असायच्या. शेकोटी म्हणजे नुसता कोनाडा नव्हे, तिच्या मागून धूर वर नेणारं धुराडं असतं, ते खालपासून छपरापर्यंत भिंतीच्या पोटातून जातं, आणि त्यासाठी भिंत जाड आणि सलग लागते, तिथे खिडकी काढता येत नाही. हार्डविकमध्ये धुराडी आतल्या भिंतींमध्ये घेतली. बास, एवढा एक निर्णय. बाहेरची भिंत मोकळी झाली, तिथे हवी तेवढी काच बसवा, आणि आतमध्ये ज्या भिंती धुराड्यांसाठी जाड कराव्याच लागणार होत्या त्याच आता घराचा कणा झाल्या. माणसाच्या शरीरासारखं आहे हे, हाडं आत आणि कातडी बाहेर. किल्ल्याचं बांधकाम याच्या उलट असतं, कवच बाहेर, कासवासारखं. इंग्लंडात शेकडो वर्षं श्रीमंत माणसाचं दगडी घर म्हणजे अर्धा किल्ला असायचा, आणि इथे येऊन ते कवच उतरवलं गेलं, बाहेरून हल्ला होणारच नाही या खात्रीने बांधलेलं घर आहे हे.

दुसरी गोष्ट मनोरे. एक साधा कागद टेबलावर उभा करून बघा, पडतो. तोच कागद दोन-चार घड्या घालून नागमोडी करून उभा करा, राहतो. भिंतीचंही असंच आहे, सरळ लांबलचक भिंतीत भोकं काढली की ती लटपटते, पण तीच भिंत जागोजागी काटकोनात वळवली की प्रत्येक कोपरा तिला धरून ठेवतो. हार्डविकचा नकाशा म्हणजे मधे एक लांबट चौकोन, पुढच्या बाजूला दोन मनोरे, मागच्या बाजूला दोन, आणि दोन्ही टोकांना एकेक. मनोरेसुद्धा काचेचेच आहेत तसे बघायला गेलं तर, पण त्यांचे कोपरे दगडाचे आहेत आणि मधल्या घराला ते सहा ठिकाणी आधार देऊन उभे आहेत. शिवाय या मांडणीची एक गंमत बघायला खरंच फिरून या: घराभोवती चालत गेलात तर मनोरे जागा बदलताना दिसतात, कधी चार मोजता येतात, कधी सहाच्या सहा, कधी दोन एकमेकांमागे लपतात, आणि समोरून इतकं शिस्तीत दिसणारं घर कोपऱ्यावरून एकदम एखाद्या जहाजासारखं दिसायला लागतं.

आता खोट्या खिडक्यांबद्दल सांगायलाच हवं. हार्डविकच्या सगळ्या खिडक्या खऱ्या नाहीत. बाहेरून काच, दांडे, सगळं शेजारच्या खिडकीसारखं, पण काहींच्या मागे धुराड्याची भिंत आहे आणि काही ठिकाणी एकाच खिडकीच्या मधून मजल्याची जमीन जाते. असं का, तर बाहेरचा चेहरा दोन्ही बाजूंनी अगदी सारखा हवा होता आणि आतल्या खोल्या काही दोन्ही बाजूंना सारख्या नव्हत्या. काही जण अशी बंद खिडकी बघितली की लगेच खिडकी-कराचं नाव घेतात, इंग्लंडात असा कर खरंच होता, १६९६ ते १८५१, आणि लोकांनी तो चुकवायला खिडक्या बुजवल्याही, पण हार्डविक त्या कराच्या शंभर वर्षं आधीचं आहे. इथल्या या खिडक्या बांधतानाच तशा बांधल्यात, दिसण्यासाठी. मला व्यक्तिशः हा या घराचा कच्चा दुवा वाटत नाही, उलट इथेच कळतं की बांधणाऱ्यांनी बाहेरच्या चेहऱ्याला किती किंमत दिली होती.

चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा करणं आज आपल्याला सोपं वाटतं, तेव्हा ते फार अवघड होतं, आणि त्याचं कारण होतं हॉल नावाची खोली. जुन्या इंग्लिश मोठ्या घरात हॉल म्हणजे घराचा मालक, त्याची माणसं, नोकरचाकर सगळे एकत्र जेवायचे ती मोठी खोली. ती घराच्या दर्शनी बाजूला समांतर, आडवी असायची. तिचं एक टोक खालचं, तिथे दरवाजा आणि स्वयंपाकघराकडे जायची वाट, दुसरं टोक वरचं, तिथे मालकाचा चौथरा आणि त्याच्यासाठी मोठी खिडकी. झालं ना मग, दरवाजा एका बाजूला गेला, मोठी खिडकी दुसऱ्या बाजूला गेली, घराचा चेहरा वाकडाच राहणार, कितीही प्रयत्न करा.

हार्डविकमध्ये हॉलच फिरवला, काटकोनात. आता तो घराच्या पुढच्या दारापासून मागच्या बाजूकडे जातो, बरोबर मध्यातून. दार मधोमध आलं, दाराच्या दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या आल्या. पण याचा परिणाम नुसता दिसण्यावर झाला नाही, आणि मला यातलं हेच सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. हॉल आता जेवणाचं मुख्य ठिकाण राहिला नाही, तो आत शिरण्याची जागा झाला, नोकरांची बसा-उठायची जागा झाला, आणि मालकीण वर गेली. आज इंग्रजीत आपण फ्लॅटच्या दारातल्या लहानशा जागेला किंवा बोळाला हॉल म्हणताना ऐकतो, त्या शब्दाची घसरण जिथे सुरू झाली त्यातलं हे एक ठिकाण आहे असं म्हणायला हरकत नाही.

मालकीण वर गेली हे बाहेरूनही वाचता येतं, फक्त खिडक्यांची उंची बघा. आपल्याला सवय अशी की तळमजला उंच आणि वर वर जाताना मजले ठेंगणे. हार्डविकमध्ये प्रत्येक मजला खालच्यापेक्षा उंच आहे आणि त्याप्रमाणे खिडक्याही वर वर मोठ्या होत जातात. तळमजल्यावर स्वयंपाकघर, कोठ्या, नोकरांचा वावर. मधल्या मजल्यावर घरच्या लोकांचं रोजचं राहणं. आणि सगळ्यात वर, सगळ्यात उंच खिडक्यांमागे, पाहुण्यांसाठीच्या, मानाच्या खोल्या. खालून तिथे जायला दगडी जिना आहे, रुंद, कमी उंचीच्या पायऱ्यांचा, तो एका ठिकाणी कोंडलेला नाही, घरातून वळत वळत उजेडातून सावलीत आणि सावलीतून उजेडात नेत वर जातो. पाहुणा जितका मोठा तितका वर चढणार, आणि चढताना त्याला घराची श्रीमंती हप्त्याहप्त्याने दिसत जाणार.

वर पोचल्यावर दोन खोल्या बघायच्याच. पहिली हाय ग्रेट चेंबर, म्हणजे मानाचा दिवाणखाना. भिंतीच्या खालच्या भागात ब्रसेल्सचे विणलेले पडदे, त्यांच्यावर युलिसिस या ग्रीक वीराची गोष्ट, आणि पडद्यांच्या वर सगळीकडून फिरणारा रंगवलेल्या गिलाव्याचा उठावदार पट्टा, त्यात जंगल, हरणं, शिकारीची देवी डायना. हे पडदे १५८७ सालीच घेतलेले होते, म्हणजे घराचा पाया खोदायच्या आधी, आणि खोली त्यांच्या मापाने बांधली. दुसरी खोली लाँग गॅलरी. मागच्या बाजूला वरच्या मजल्याची पूर्ण लांबी या एका खोलीने घेतलीय, साधारण ५० मीटर, आणि उंची ८ मीटरच्या आसपास. पावसाळी हवेत बायकामाणसांना घरातल्या घरात फिरता यावं, बोलता यावं, तसबिरी बघता याव्यात यासाठी अशी खोली असायची. एका बाजूला खिडक्याच खिडक्या, समोरच्या बाजूला आतली ती जाड भिंत, आणि त्या भिंतीत दोन प्रचंड शेकोट्या. तिथे उभं राहिलं की वर सांगितलेला सगळा हिशोब एका नजरेत येतो, डावीकडे काच, उजवीकडे कणा.

गॅलरीच्या भिंतीवरच्या पडद्यांची हकिकत वास्तुशास्त्राची नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. बायबलमधल्या गिदोनच्या गोष्टीचे हे १३ पडदे मुळात सर क्रिस्टोफर हॅटन या राणी पहिल्या एलिझाबेथच्या मर्जीतल्या बड्या माणसाचे. तो वारल्यावर १५९२ मध्ये ते विकायला निघाले, हार्डविकच्या मालकिणीने सव्वातीनशे पौंडांच्या आसपास किंमत मोजून घेतले, आणि त्यावर हॅटनची चिन्हं विणलेली होती ती बदलायला लागणार म्हणून ५ पौंड कमी करून घेतले. मग स्वतःचं चिन्ह कापडावर रंगवून त्याच्यावर लावलं, आणि हॅटनच्या चिन्हातली हरिणी होती तिला शिंगं जोडून आपल्या घराण्याचं शिंगवालं हरीण करून टाकलं.

ही मालकीण म्हणजे एलिझाबेथ टॅल्बट, श्रूजबरीची काउंटेस, पण सगळे तिला बेस ऑफ हार्डविक म्हणतात. याच टेकाडावर एका मध्यम जमीनदाराच्या घरी जन्मली, चार लग्नं झाली, चारही नवरे तिच्याआधी गेले, आणि प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा श्रीमंत झाली. दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश, त्याच्यासोबत तिने चॅट्सवर्थला घर बांधलं. चौथा श्रूजबरीचा अर्ल, त्याच्याकडे स्कॉटलंडची राणी मेरी कैदेत होती, पंधरा वर्षं. या नवऱ्याशी पुढे बेसचं इतकं बिनसलं की ती माहेरी, हार्डविकला येऊन राहिली आणि तिथलं जुनं घर वाढवायला घेतलं. ते पूर्ण व्हायच्या आत, १५९० मध्ये, अर्ल वारला त्याच वर्षी, हाकेच्या अंतरावर हे नवीन घर सुरू केलं. तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे होतं. आपल्याकडे साठीत माणूस आवरतं घेतो, तिने पाया खणायला घेतला. सहाही मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली ई आणि एस ही अक्षरं आहेत, वर मुकुट, एलिझाबेथ श्रूजबरी. आकाशाच्या पार्श्वभूमीवर ती मैलभरावरून दिसतात.

नकाशा कोणाचा, तर रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. हा मुळात दगडाचा कारागीर, १५६८ मध्ये लाँगलीटच्या घरावर कामाला आला, मग नॉटिंगहॅमजवळ वोलॅटन हॉल उभं केलं, आणि हार्डविकशी जुळणारा त्याचा एक आराखडा आजही जपून ठेवलेला आहे. तेव्हा इंग्लंडात आर्किटेक्ट नावाचा वेगळा धंदा नव्हता, पाथरवटच अनुभवाने रेघा ओढायला लागायचा. १६१४ ला तो वारला, वोलॅटनच्या चर्चमध्ये त्याच्या स्मृतिशिळेवर त्याला आर्किटेक्टर म्हटलंय, आणि मला ते वाचून फार बरं वाटलं, कारण हातात छिन्नी धरलेल्या माणसाला हा शब्द तिथे मिळालाय. दगड तासायचं मोठं काम जॉन आणि क्रिस्टोफर रोड्स यांच्याकडे होतं, गिलाव्याचं काम अब्राहम स्मिथचं, संगमरवरी काम थॉमस अ‍ॅक्रिसचं. ही नावं आपल्याला माहीत आहेत याचं कारण बेसने बांधकामाचे हिशोब नीट ठेवले होते आणि ते टिकले.

माल सगळा जवळचा आणि बराचसा तिच्याच मालकीचा. दगड टेकाडाच्या पायथ्याच्या खाणीतून, लाकूड तिच्या रानातलं, शिसं डर्बीशायरच्या खाणींमधलं, काच तिच्या स्वतःच्या भट्टीतली. हे समजलं की एवढी काच कशी परवडली हेही जरा समजतं, कारण तेव्हा काच म्हणजे चैनीची वस्तू होती. कारागीर तोंडाने फुंकून काचेचा फुगा करायचा, तो उघडून सपाट करायचा, त्यातून छोटे छोटे तुकडे निघायचे, मोठी काच निघतच नसे. हे तुकडे शिशाच्या बारीक पट्ट्यांमध्ये बसवून त्याची जाळी करायची आणि ती लोखंडी सळ्यांना तारेने बांधून दगडी खणात बसवायची. प्रत्येक तुकडा जरा वेगळ्या कोनात बसतो, म्हणून ऊन पडलं की खिडकी एकसारखी चमकत नाही, लुकलुकते. मोटरवेवरून दिसते ती हीच चमक.

दगडाबद्दल थोडं. हा वालुकाश्म आहे, कोळशाच्या थरांबरोबर सापडणारा, ३० कोटी वर्षांपूर्वी पाण्याने वाहून आणलेली वाळू थरावर थर बसून झालेला. आपला सह्याद्रीचा काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्हाचा, त्याला असे पापुद्रे नसतात, म्हणून आपल्याकडचा पाथरवट दगड कुठल्याही अंगाने बसवू शकतो. वालुकाश्माचं तसं नाही, तो वहीसारखा आहे. वही आडवी ठेवून वर वजन ठेवलं तर काही होत नाही, पण तीच वही उभी करून वरून दाब दिला तर पानं बाहेर फुटतात. म्हणून नियम असा की खाणीत दगड ज्या अंगावर झोपलेला होता त्याच अंगावर भिंतीत झोपवायचा. चुकून उभा बसला तर पाणी आणि थंडी थरांमध्ये शिरते, पाण्याचा बर्फ होतो, फुगतो, आणि दर्शनी बाजूचे पापुद्रे सुटायला लागतात.

भिंत आतून बाहेरून सारखी नसते हेही लक्षात घ्या. बाहेर दिसतात ते घडीव, तासलेले दगड, दरजा अगदी बारीक. आत मात्र डबर, चुन्यात बसवलेले वेडेवाकडे दगड. हे बघायचं असेल तर शेजारच्या जुन्या हॉलमध्ये जा, त्याचं छप्पर गेलंय, मजले गेलेत, तिथे भिंतीचं पोट उघडं दिसतं आणि वरच्या मजल्यांच्या शेकोट्या जमीन नसताना भिंतीला अधांतरी लटकलेल्या दिसतात. मी तर म्हणेन आधी पडका बघा आणि मग नवीन बघा, कळायला सोपं जातं.

जोडायला चुना, सिमेंट नाही. चुना दगडापेक्षा मऊ असतो आणि तो तसाच असावा लागतो, कारण भिंत ऊनपावसात थोडी हलते, फुगते, आकसते, ते सगळं दरजेतला चुना सोसतो, आत शिरलेला ओलावाही त्याच्यातूनच बाहेर पडतो. पुढे चुना झिजला तर नवीन भरता येतो, दगड वाचतो. सिमेंट भरलं की ओलावा दगडातून बाहेर पडायला बघतो आणि मग दगडच फुटतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीत सिमेंट फासून किती नुकसान झालंय हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. चुन्याची घाणी मळणारी माणसं होती तोवर आपल्यालाही हे माहीत होतं.

पाण्याची सोयही बघण्यासारखी आहे. प्रत्येक मजल्याच्या वर घराभोवती पुढे आलेला एक दगडी पट्टा फिरतो, बघणाऱ्याला ती ग्रीक-रोमन पद्धतीची नक्षी वाटते, आणि आहेच, पण पावसाचं पाणी भिंतीवरून ओघळत खालच्या खिडकीत शिरण्याआधी तो पट्टा ते बाहेर उडवतो, आपल्या छपराच्या पागोळ्यांसारखं. वर उतरतं छप्पर दिसत नाही, शिशाच्या पत्र्याचं सपाट धाबं आहे, आणि जेवण झाल्यावर पाहुण्यांना त्या धाब्यावरून चालवत एका मनोऱ्यातल्या खोलीत गोडधोड खायला न्यायची पद्धत होती.

हे घर इतकं जसंच्या तसं राहिलं कसं, तर बेसच्या वंशजांनी, म्हणजे डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याने, मुख्य मुक्काम चॅट्सवर्थला ठेवला. सगळी पाडापाडी, सगळी नवी फॅशन तिकडे झाली, चॅट्सवर्थचं बेसने बांधलेलं घर गेलं, आणि हार्डविक मागे राहिल्यामुळे वाचलं. तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याच घराण्याच्या आश्रयाला होता, १६७९ मध्ये तो इथेच वारला. १९५९ पासून घर नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या तिथल्या संस्थेकडे आहे. आत गेलात तर खूप ठिकाणी पडदे ओढलेले असतात, चारशे वर्षांच्या विणकामाचे रंग उडू नयेत म्हणून.

एक प्रश्न राहिला, थंडी. डर्बीशायरच्या उघड्या टेकाडावर, वाऱ्याच्या तोंडावर, शिशाच्या जाळीत बसवलेल्या पातळ काचा, आणि त्याही एवढ्या. घर गरम राहणं शक्यच नव्हतं. भिंतीवरचे विणलेले पडदे नुसते शोभेचे नव्हते, ते भिंतीला घातलेली गोधडी होते. जमिनीवर लव्हाळ्याच्या विणलेल्या चटया. पलंगाला चारी बाजूंनी पडदे. १६०१ साली बेसने घरातल्या सामानाची खोलीवार यादी करून घेतली होती, ती आजही आहे, आणि तिच्यात बेसच्या स्वतःच्या झोपायच्या खोलीतलं सामान वाचलं की त्या खोलीतला गारठा अंगाला लागतो: पलंगावर एकावर एक ब्लँकेटं, खिडक्यांना पडदे, आणि शिवाय एका खिडकीसमोर टांगायला तीन जाड पांघरुणं, एक दारासमोर टांगायला.